बिल्ददचं वचन

शनिवार, १ सप्टेंबर १९५६

आज पुन्हा तिघं आले. भगवंतराव मास्तर, एकनाथराव आणि सुशीलाबाई. शमूला मातीत ठेवून पावसाळा सरत आला, पण चर्चच्या मंडळीचं सांत्वन काही सरत नाही! येतात, चपला काढतात, पाणी मागतात, प्रार्थना करतात आणि मग बसतात. बसतात म्हणजे बसतातच.

मास्तरांनी भिंतीवरच्या वचनाकडे बोट केलं. देवाने या घराला शब्द दिलाय, म्हणाले — आरंभ लहान असला तरी शेवट फार मोठा होईल. देवाचा शब्द फिरत नाही. तरी लेकरू गेलं, म्हणजे मध्ये कुणीतरी धोंडा टाकलाय. तो धोंडा शोधला पाहिजे. धोंडा म्हणताना ते माझ्याकडे, मायकडे, दादाकडे, दाराकडेसुद्धा पाहत होते. फक्त भामावहिनीकडे नाही. त्यामुळे सगळ्यांना बरोबर कळलं.

वहिनीने चहा आणला. एकनाथराव म्हणाले, साखर जरा कमी आहे. तिचं चार वर्षांचं एकुलतं एक पोर गेलं, आणि यांना साखर कमी आहे!

वडीलमंडळातल्या माणसांशी वाद घालू नये. पण मनात आलेलंही पापच धरतात, तर आज माझ्या नावावर बरंच चढलं असणार.

रविवार, २ सप्टेंबर

त्या वचनाचं लिहून ठेवते, डोक्यातून जात नाही.

दरवर्षी ३१ डिसेंबरच्या उपासनेत पत्र्याचा डबा फिरतो. आत गुंडाळलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर शास्त्रातलं एक वाक्य आणि अध्यायाचा आकडा. ज्याला जी निघेल ते त्याचं वर्षभराचं वचन. आमच्या घराची चिठ्ठी दादाने काढली, वाचली मी. घरात मराठी वाचणारी मी एकटीच. दादाला बसवरच्या उर्दू पाट्या तेवढ्या वाचता येतात. 'लहान आरंभ, मोठा शेवट' ऐकून सगळे हरखले. मी पांढऱ्या कापडावर पेन्सिलीने अक्षरं काढून दिली, वहिनीने ती लाल दोऱ्याने भरली. तिला एक अक्षर येत नाही, पण काना-मात्रा कुठे हलली नाही. दादाने त्याच्या बसच्या वर्कशॉपमधल्या लाकडी पट्ट्यांची चौकट केली. (पट्ट्या विचारून आणल्या का, हे मी तेव्हा इतक्यांदा विचारलं की तो चिडला.) जानेवारीत टांगलं. जूनमध्ये शमू विषमज्वराने गेला.

आज उपासनेनंतर बायकांची सभा. वहिनी आली नव्हती. सुशीलाबाई आमच्या मंडळीच्या बायबलबाई, घरोघर जाऊन बायकांना शास्त्र सांगतात. डोळे मिटून मोठ्याने म्हणाल्या — हे प्रभू, तुझ्यावरचा भरवसा सोडून जिने लेकराच्या दंडाला नदीपलीकडच्या दर्ग्यातला ताईत बांधला, तिला पश्चात्ताप दे. नाव घेतलं नाही. म्हणजे ही चहाडी नव्हे, प्रार्थनेचा विषय! शमूला शेवटची अंघोळ त्यांनीच घातली होती. तेव्हा दिसलं असणार.

सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीसुद्धा! तोंडातून गेलंच. शेजारी माय होती, ती म्हणाली नाही. डोकं गरगरतंय म्हणून उठून बाहेर गेली. सुनेच्या नावाने लाज वाटली असेल. तीस वर्षं मंडळीत काढलेली बाई!

सोमवार, ३ सप्टेंबर

वर्गात शिकवताना शाळेच्या खडूचा तुकडा पदराच्या गाठीत घरी आला. उद्या परत ठेवायचा.

बुधवार, ५ सप्टेंबर

महबूबनगरजवळ पूल खचून रेल्वेचे डबे ओढ्याच्या लोंढ्यात गेले. वर्तमानपत्रात दुसरं काही नाही. आमच्या गल्लीतल्या एका घरचं माणूस त्याच गाडीने जाणार होतं, आयत्या वेळी राहिलं. मास्तर रस्त्यात भेटले. म्हणाले, देव बोलतोय, कुणी ऐकत नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, शास्त्रात बुरूज पडून माणसं मेली तेव्हा ख्रिस्ताने विचारलं होतं, ती काय यरुशलेमेतल्या इतरांहून जास्त अपराधी होती? आणि स्वतःच सांगितलं, नाही म्हणून.

मास्तर म्हणाले, "त्याच्या पुढचं वाक्य वाच. पश्चात्ताप केला नाही तर तुमचंही तसंच होईल."

घरी येऊन पाहिलं. पुढचं वाक्य तेच आहे. वैताग!

संध्याकाळी वहिनीला एकटीला गाठून विचारलं. शमूला दर्ग्यात नेलं होतं की नाही, हो का नाही, एवढंच सांग.

ती भाकरी थापत होती. "हो म्हटलं तर बरं वाटंल तुम्हाला?"

"खरं काय ते कळेल."

"मग ते कळून काय करणार, वन्सं?"

तिने भाकरी तव्यावर टाकली. मला तिचाच राग आला. नेलं नसेल तर नाही म्हणावं. नेलं असेल तर कबूल करावं. मधलं काय असतं? तिच्या माहेरचे पाच-सहा वर्षांपूर्वी मंडळीत आलेले. मास्तर म्हणतात तसं मूळ कच्चं असेल का? असा विचार आला. आला तो लिहिला. खोडत नाही.

रविवार, ९ सप्टेंबर

उपासनेनंतर वडीलमंडळाने जाहीर केलं. एक नोव्हेंबरपासून आपल्या राज्याची भाषेवार वाटणी. नोकरीतली मराठी माणसं मुंबई राज्यात जाणार. मास्तरांचा मुलगा जाणार, म्हणून मास्तरही जाणार. एकनाथरावांचं घर जाणार. राहतील त्यांना तेलुगू उपासनेत बसावं लागेल. म्हणून २८ ऑक्टोबरला सगळ्या मराठी मंडळीचं मिळून शेवटचं प्रभुभोजन, एकाच मेजावरची भाकर आणि प्याला. मेजाजवळ अशुद्ध मनाने कुणी येऊ नये. ज्याच्या हातून उघड पाप झालंय त्याने आधी उभं राहून ते कबूल करावं, नाहीतर मेजापासून दूर राहावं.

नाव पुन्हा नाही! यांना नावाचं एवढं वावडं का?

माय दिवसभर जेवली नाही. उपास आहे म्हणाली. कसला, ते सांगितलं नाही.

बुधवार, १२ सप्टेंबर

शाळेत देवी टोचणारा आला. मुलींबरोबर बाईंचेही दंड पाहिले. माझ्या डाव्या दंडावर लहानपणापासून पांढुरका गोल डाग आहे, मी तोच पुढे केला. तो म्हणाला, "ये देवी का निशान नहीं, बाई. दुसरं काहीतरी आहे." आणि टोचलंच! एवढी वर्षं मी प्रत्येक टोचणाऱ्याला हाच डाग दाखवत आले — म्हणजे खोटं बोलत आले? मायला विचारलं. गळू झालं होतं म्हणाली. मग देवीची खूण कुठाय? त्यावर ती चिडली, मला काय ठाऊक, तेव्हा टोचणाऱ्या त्या मिशनच्या मडमेला विचार.

हात ठणकतोय.

शनिवार, १५ सप्टेंबर

तिघं आले. आज सुशीलाबाईंनी वहिनीचा हात हातात घेऊन सांगितलं, ईयोबासारखा धीर धर. ते उठून गेल्यावर वहिनी मला म्हणाली, हा धीराचा माणूस कोण ते वाचून दाखवा. रोज थोडं थोडं. सगळं.

खरं सांगायचं तर ईयोब मी पूर्ण वाचलेला नाही. रविवारच्या शाळेत पहिले दोन अध्याय शिकवतात आणि एकदम शेवटचा. सगळं गेलं — त्याने सोसलं — दुप्पट मिळालं. मधलं गाळतात.

दिवेलागणीला वाचायला बसले. ईयोब नीतिमान होता. एका दिवसात गुरं गेली, गडी गेले, वाऱ्याने घर पडून दहाही लेकरं गेली. वहिनी ऐकत होती. हातात निवडायचे तांदूळ होते, पण बोटं थांबली होती. माय म्हणाली, "हे काय वाचायलीस तिच्यापुढं? स्तोत्र वाच." वहिनी म्हणाली, "वाचू द्या, आत्याबाई."

मंगळवार, १८ सप्टेंबर

ईयोब धीराचा नव्हताच! तिसऱ्या अध्यायापासून तोंड उघडतो ते बंदच करत नाही. ज्या दिवशी जन्मलो तो दिवस जळो म्हणतो. देवाला म्हणतो, माझ्यावरची नजर काढ, थुंकी गिळू दे मला. मी वाचताना आवाज खाली आणला. शेजारी तेलुगू सिस्टर राहतात, त्यांना मराठी कळत नाही, तरी.

आजवर किती घरांत जाऊन मी स्वतः 'ईयोबासारखा धीर' म्हटलंय. न वाचता. लोक काय, मी काय!

वहिनी म्हणाली, "मोठ्यानं वाचा की. तो काय हळू बोलला का?"

शनिवार, २२ सप्टेंबर

निजण्याआधी लिहून ठेवते.

ईयोबाचे तीन मित्र येतात. आधी सात दिवस गप्प बसतात, ते चांगलं करतात. मग बोलतात. पहिला अलीफज, गोड बोलतो — निर्दोष माणसाचा कधी नाश झालाय का, आठवून बघ. दुसरा बिल्दद. तो सरळच सांगतो की तुझ्या लेकरांनी पाप केलं असेल, म्हणून देवाने त्यांना त्यांच्या पापाच्या हाती दिलं. आणि लगेच पुढे — तू शुद्ध असलास तर देव जागा होईल, तुझा आरंभ लहान असला तरी...

मी थांबले.

ते आमचं वचन! भिंतीवरचं! देवाचं नाहीच ते. बिल्ददचं आहे. मेलेल्या लेकरांच्या बापाला, तुझी लेकरं पापी होती म्हणून मेली, असं सांगून झाल्यावर श्वास न घेता बोललेलं. मला शेवट माहीत आहे, देव शेवटी या तिघांवर रागावतो — तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत म्हणून. म्हणजे देवाने ज्याला खोटा ठरवलं त्याचं बोलणं आम्ही चौकट करून देवाच्या नावाने टांगलंय. चिठ्ठीवर कोण कुणाला म्हणालं ते नसतं. कधीच नसतं.

वहिनी चौकटीकडे बघत होती. अक्षर येत नसलं तरी ऐकलेलं ती विसरत नाही.

"ते हेच का?"

मी मान हलवली.

"थांबू नका," म्हणाली. "तो माणूस काय म्हणतो बघू." तो माणूस म्हणजे ईयोब. मी पुढे वाचलं. माय आत जाऊन निजली. दिवे नुकते लागले होते.

रविवार, २३ सप्टेंबर

मास्तरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. शास्त्रातलं अक्षर न् अक्षर देवाचं आहे, म्हणाले. मी म्हटलं, मग सैतानही शास्त्रात बोलतो. ते म्हणाले, विमल, तुला शाळेत घालायला तुझ्या बापाला मीच सांगितलं होतं.

ते खरं आहे. तिथेच माझं तोंड बंद होतं. आमच्या साऱ्या गोतात पाटी धरलेली मी पहिली, ती त्यांच्यामुळे. प्रत्येक वेळी हेच का काढतात?

रविवार, ३० सप्टेंबर

वहिनीने चौकट उतरवली आणि सगळं भरतकाम उसवलं. सुईच्या टोकाने, एकेक टाका. कापड पुन्हा चौकटीत घालून होतं तिथे टांगलं. आता पांढरं कापड आणि त्यावर भोकं. जवळ गेलं तर भोकांवरून अजून वाचता येतं.

मी म्हटलं, काढूनच टाक ना. म्हणाली, भिंतीला डाग पडलाय मागं, तो दिसतो.

शनिवार, ६ ऑक्टोबर

तिघांनी कोरं कापड पाहिलं. एकनाथरावांना चहात काही कमी वाटलं नाही, एवढे गप्प झाले. मग मास्तर उभे राहिले. म्हणाले, वचन पुसणाऱ्या हाताने आणखी काय काय केलं असेल ते आता विचारायला नको. २८ तारखेला भामाबाईंनी उभं राहून कबूल करावं. नाहीतर या घराची गोष्ट औरंगाबादेपर्यंत जाईल.

औरंगाबाद, कारण दादाची बदली तिथेच ठरलीय. त्याच्या गौलीगुड्याच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांची वाटणी चाललीय — ही बस मुंबई राज्याची, ही आंध्राची — आणि फिटरांचीही. दादा म्हणतो, गाड्यांचं बरं आहे, त्यांना कुणी विचारत नाही की तुमच्यातला पापी कोण.

तिघं गेल्यावर दादा वहिनीवर खेकसला. बांधला असशील तर सांग, नसशील तर सांग, पण काहीतरी बोल! ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "तुम्हाला तरी मी सांगायला पाहिजे का?" दादा सायकल घेऊन निघून गेला. माय त्यालाच ओरडली, मग मला, मग मांजराला.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

आपणही वाचताना एक गोष्ट करतो हे लक्षात आलं. ईयोबाचं बोलणं मी चांगल्या आवाजात वाचते. मित्रांचं आलं की आवाज मास्तरांसारखा होतो. ठरवून नाही! माय म्हणाली, मोठ्या माणसाची नक्कल करू नये. बरोबर आहे. पण वहिनीला कोण कधी बोलतंय ते आवाजावरूनच कळतं.

रविवार, १४ ऑक्टोबर

मी पाळकसाहेबांना सांगायचं एक भाषण तयार केलं. पाळक जालन्याकडून महिन्यातून एकदा येतात, तरुण आहेत, ऐकतील. मुद्दे काढले. मास्तर कुठे चुकतात. सुशीलाबाई कुठे चुकतात. दादा नवरा म्हणून कुठे चुकतो. वहिनी गप्प राहून कुठे चुकते. ईयोबही कुठे चुकतो. वहिनीला वाचून दाखवलं. तिने पूर्ण ऐकलं, बरं आहे म्हणाली.

मग रोजचं वाचन. बत्तिसावा अध्याय. तीन मित्र दमून गप्प होतात आणि चौथाच एक उगवतो, अलीहू. तरुण आहे. मोठी माणसं बोलत होती म्हणून एवढा वेळ थांबलो म्हणतो. ईयोबावर रागावलाय, तिघांवर रागावलाय, पोटात शब्द मावत नाहीत म्हणतो, आणि मग अध्यायामागून अध्याय बोलतच राहतो.

"हा कोण मधेच?" वहिनीने विचारलं.

"तरुण आहे. सगळ्यांवर रागावलाय."

"शिकलेला असंल," वहिनी म्हणाली. आणि हसली! जूननंतर पहिल्यांदा. तोंडाला पदर लावून हसत राहिली. माय आतून बघायला आली काय झालं ते.

मला इतका संताप आला. मी तिच्या बाजूने बोलतेय आणि ही मलाच हसते! भाषण फाडून चुलीत घातलं. अलीहूला देव शेवटी काय उत्तर देतो ते पुढे पाहिलं. काहीच देत नाही. त्याचं नावसुद्धा घेत नाही.

शनिवार, २० ऑक्टोबर

पुस्तक संपलं.

देव वावटळीतून बोलतो. वाटलं, आता उत्तर मिळेल. लेकरं का गेली ते सांगेल. तर देवच प्रश्न विचारतो! पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठं होतास? रानबकऱ्या कधी वितात तुला ठाऊक आहे का? हिमाचं कोठार पाहिलंस का? एका बाजूला एवढा मोठा देव, दुसऱ्या बाजूला राखेत बसलेला फोडांनी भरलेला माणूस, आणि विचारतोय काय, तर शहामृगाचं! मला हे न्यायाचं वाटलं नाही. वाटलं नाही असं लिहिणं चालतं का, ते माहीत नाही.

वहिनीला मात्र रानबकऱ्यांचं आवडलं. पुन्हा वाचायला लावलं. म्हणाली, "म्हणजे कुणी नसतं तिथं, तरी तो असतो बाळंतपणाला."

शेवटी ईयोबाला सगळं दुप्पट मिळतं. मेंढरं दुप्पट, उंट दुप्पट. लेकरं मात्र पहिल्याइतकीच, दहा.

"परत दिली?" वहिनीने विचारलं.

"नवी दिली."

"मग आधीच्यांचं काय?"

मी पानं पुढे-मागे उलटली. आधीच्यांचं कुठे काही लिहिलेलं नाही. तेवढ्यात माय तिच्या जागेवरून म्हणाली, "त्यांची नावंबी नाहीत का गं?" मी म्हटलं, नाहीत. ती उठली आणि वहिनीजवळ येऊन बसली. दोघी तशाच बसल्या. मी पुस्तक मिटलं.

बुधवार, २४ ऑक्टोबर

वहिनी रविवारी उभी राहणार! आज दादाला सांगितलं तिने. दादाला हायसं वाटलेलं दिसलं, त्याचाही मला राग आला.

मास्तरांनी वाक्य तयार करून पाठवलंय — "माझ्या पापामुळे माझं लेकरू गेलं, प्रभू मला क्षमा करो." वहिनीला वाचता येत नाही, म्हणून ते मी तिच्याकडून पाठ करून घ्यायचं. मी!

मी म्हटलं, मी हे शिकवणार नाही. हे खोटं आहे. तूच ऐकलंस ना सगळं, देव त्या तिघांवर रागावला. आणि तू आता त्यांचंच म्हणणार? ईयोब शेवटपर्यंत हटला नाही.

"त्याला एकट्यालाच राहायचं होतं," वहिनी म्हणाली. "मला माणसांत राहायचंय. यांना औरंगाबादेत तोंड दाखवायचंय. आणि मी उभी राहिले की विचारणं थांबतं."

"विचारणं थांबावं म्हणून खोटं बोलायचं?"

"शिकवा वन्सं. अक्षरं तुम्ही काढता, मी भरते."

शिकवलं. मी म्हणत गेले, ती माझ्यामागून म्हणत गेली. 'लेकरू'पाशी थांबायची, मी पुन्हा सुरुवातीपासून घ्यायची. शाळेत पाढे घ्यावेत तसं. देवळात कबूल करायचं पाप असेल तर ते हे, आणि माझं. माय दारात उभी राहून ऐकत होती. मग भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी.

शनिवार, २७ ऑक्टोबर

वहिनीला वाक्य पाठ झालं. आता चुकत नाही. चुकली असती तर बरं.

रविवार, २८ ऑक्टोबर

जसं झालं तसं लिहिते.

मंडळी पूर्ण होती. एरवी न येणारेही आले होते, शेवटचं म्हणून की वहिनीसाठी म्हणून, देव जाणे. मेजावर पांढरं कापड, त्याखाली भाकर आणि प्याला. पाळकसाहेबांनी विचारलं, मेजाजवळ येण्याआधी कुणाला काही बोलायचंय का. मास्तरांनी खाकरून घसा साफ केला. बोलायचं त्यांना नव्हतं तरी.

वहिनी उभी राहिली. "माझ्या —" म्हणाली.

मायने तिचा पदर धरून तिला खाली ओढलं. ओढलं म्हणजे, वहिनी बाकावर आदळलीच. आणि माय उभी राहिली.

"ताईत म्या बांधला," माय म्हणाली. "हिला ठाऊक नव्हतं. ही दळायला गेली होती, म्या लेकराला पाठीवर घेऊन पुलावरून गेले. हिला नंतर कळलं. माझं मेज सुटू नये म्हणून ही गप बसली, अन् म्या बसू दिलं."

मास्तर म्हणाले, मालनबाई, तुम्ही खाली बसा. जणू मायची पाळी नव्हती, वाक्य दुसरीला दिलेलं होतं! माय बसली नाही.

"लेकरू तापानं गेलं, मास्तर. ताईतानं गेलं नाही अन् वाचलंबी नाही. तुमच्या प्रार्थनेनंबी वाचलं नाही. म्हणून तुम्हाला कुणी उभं केलं का?"

मग बसली. सुशीलाबाई मान खाली घालून होत्या. एकनाथराव गीतांच्या पुस्तकात काहीतरी शोधत होते.

पाळकसाहेबांनी मेजावरचं कापड बाजूला केलं. मग भाकर मोडायला लागले. आमच्या बाकापाशी आले. वहिनीने घेतली. मी घेतली. दादाने घेतली. मायने हात मागे केले, आपण आता त्यातल्या नाही असे. पाळक थांबले, त्यांना काय करावं कळेना. वहिनीने हातातला तुकडा मोडला आणि अर्धा मायच्या हातावर ठेवला. माय वहिनीकडे बघत राहिली. मग खाल्ला.

हे चालतं का? ज्याला मेज बंद आहे त्याला दुसऱ्याने आपल्यातलं द्यावं, असं कुठे सांगितलंय का? मी आल्यापासून पुस्तक उघडलेलं नाही. पाहणारही नाही.

आणि जवळजवळ दोन महिने मी काय करत होते! वहिनीला हो का नाही विचारत होते. माय उपास करत होती, माय उठून जात होती, माय मांजरावर ओरडत होती, आणि मला वाटत होतं तिला सुनेची लाज वाटते. माझ्या समोर सगळं होतं. मी शास्त्र वाचत होते.

गुरुवार, १ नोव्हेंबर

आज सुट्टी. सकाळपासून रस्त्यात बँड आणि पताका, नवं राज्य झालं. दादाच्या ट्रंका भरायचं काम चालू आहे.

मायला विचारलंच शेवटी. तीस वर्षं मंडळीत काढलीस, तुला दर्गा सुचला कसा?

ती पातेल्यात पातेलं बसवत होती. "सुचायचं काय त्यात? वाट ठाऊक होती. तुला नेलं होतं की. शमूएवढीच होतीस, असाच ताप. तू उठून बसलीस."

मग माझी बाही वर सारून तिने तो गोल डाग अंगठ्याने दाबला. मला शाळेत घालेपर्यंत ताईत काढला नव्हता म्हणाली, दंडात रुतला होता.